शक्य असेल तिथे

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत काकांबरोबर लिफ्टमध्ये जायचं लोक टाळत. दार बंद झालं की ते प्रश्न विचारत. विषय एकच असे, पण तो कुठून येईल याचा नेम नसे. "तुम्ही पाढे कुठल्या भाषेत म्हणता?" "राग आला तर कुठल्या भाषेत येतो?" "देवाशी काय बोलता, हिंदी?" एखादा कंपनीतला तरुण कानातली बोंडं काढून "सॉरी अंकल?" म्हणे, की काका तोच प्रश्न पुन्हा, तितक्याच आस्थेनं विचारत. त्यात चेष्टा नसायची. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. उत्तर मिळालं की चेहरा असा खुलायचा की देणाऱ्यालाच आपण काहीतरी मोठं सांगून गेलो असं वाटावं.

मला भेटले तेही असेच. मी माझ्या मुलाला, मिहूला, बागेतून घरी नेत होते आणि फोनवर साताऱ्याला आईशी बोलत होते. लिफ्टमध्ये फोन ठेवल्याबरोबर कोपऱ्यातून आवाज आला.

"मराठी. छान. एक सांगा, ठेच लागली की तुम्ही काय ओरडता?"

"आई गं," मी म्हटलं.

"आणि हा?"

मिहू तेव्हा पाच वर्षांचा होता. मी जरा ओशाळून म्हटलं, "हा 'आउच' म्हणतो."

"आउच! वा!" काकांनी टाळीच वाजवली. "तुमच्या घरात कोण म्हणतं आउच?"

"कोणीच नाही. शाळेतून आलं."

"म्हणजे ठेच घरची आणि ओरडणं शाळेचं," काका म्हणाले, आणि त्यांचा मजला आला म्हणून उतरून गेले. दार बंद होताना दिसलं, ते पाठमोरे उभे राहून स्वतःशीच "आउच, आउच" असं पुटपुटत होते.

उंच, किडकिडीत माणूस. थंडीत माकडटोपी आणि उन्हाळ्यात पांढरी कापडी टोपी; डोकं उघडं असं कुणी पाहिलं नव्हतं. चष्मे दोन, दोन्ही दोऱ्यांनी गळ्यात, आणि हवा तो कधीच पहिल्यांदा हाती येत नसे. पायात मोज्यांवर चपला. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी चेन्नईला. स्वतः नागपूरचे, पण सगळी नोकरी दिल्लीत केंद्र सरकारात झालेली. शाळांमध्ये काय शिकवावं, कुठल्या भाषेत शिकवावं, याच्या फायली जिथे फिरतात अशा एका कार्यालयात ते उपसचिव होऊन निवृत्त झाले होते.

त्या नोकरीतली एकच गोष्ट ते सांगत, आणि ती वारंवार सांगत. मी स्वतः सरकारी नोकरीत. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका कार्यालयात मेट्रोनं रोज जाते-येते. त्यामुळे ती गोष्ट मला जितकी कळायची तितकी सोसायटीत दुसऱ्या कुणाला कळत नसावी.

कुठल्याशा मसुद्यात काकांनी एक वाक्य लिहिलं होतं. मुलांना सुरुवातीची वर्षं त्यांच्या घरच्या भाषेत शिकवावं. एवढंच. फाईल वर गेली आणि खाली आली तेव्हा वाक्याच्या पुढे कुणीतरी जोडलं होतं, 'शक्य असेल तिथे'. काकांनी ते खोडलं. फाईल पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. शब्द परत आले होते. काकांनी पुन्हा खोडले. असं बरेच दिवस चाललं. शेवटी साहेबांनी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, अरे, या तीन शब्दांनी कुणाचं काय बिघडतंय?

"मी म्हटलं, सर, हे तीन शब्द घातल्यावर बाकीच्या वाक्याची गरजच उरत नाही," काका सांगत. "साहेब हसले. चांगला माणूस होता. म्हणाला, तेच तर हवंय."

मग काका थांबत. गोष्टीचा खरा शेवट पुढे असे.

"ज्या बैठकीत तो मसुदा पक्का झाला, तिच्यात आम्ही जितके होतो, सगळ्यांची मुलं इंग्रजी शाळेत होती. बैठक इंग्रजीत झाली. इतिवृत्त इंग्रजीत निघालं. खाली टीप होती, हिंदी प्रत मागाहून पाठवण्यात येईल. आणि माझी मुलगी? तीही तिथेच, टाय लावून. मी रोज सकाळी तिला स्कूटरवरून त्या शाळेत सोडायचो आणि तसाच पुढे ऑफिसात जाऊन ते तीन शब्द खोडायचो."

हे सांगताना त्यांना लाज वाटत होती असं मला कधी वाटलं नाही. नवल वाटत होतं. स्वतःविषयीचं नवल.

अशा माणसानं मातृभाषेचा झेंडा घेऊन फिरावं अशी कुणाचीही अपेक्षा असणार. काका मात्र सोसायटीच्या तळघरात, गाड्या लावतात तिथे, दुपारी इंग्रजीचा वर्ग घ्यायचे. ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या बायका, घरकाम करणाऱ्या मुली. फी नाही, पुस्तक नाही. पहिले कित्येक दिवस फक्त दोन वाक्यं, 'आय डोन्ट अंडरस्टँड' आणि 'प्लीज से अगेन'. तीही मोठ्यानं ओरडून म्हणायची. एकदा सगळ्यांनी मिळून "से अगेन!" अशी काही आरोळी दिली की गेटवरचा गार्ड शिट्टी फुंकत धावत खाली आला.

मी एकदा विचारलंच. "काका, तुम्ही तर घरच्या भाषेवाले. मग हे काय?"

"मी त्यांना विचारलं, काय हवंय," काका म्हणाले. "ती झारखंडची सुनीता आहे ना, पाचव्या मजल्यावर स्वयंपाक करते, ती म्हणाली, 'अंकल, हिंदी तो है ही हमारे पास. बच्ची के स्कूल से जो मेसेज आता है वो पढ़ना है.' आता मी तिला काय सांगू? तुझी भाषा समृद्ध आहे, तिच्यातच राहा? मला पेन्शन इंग्रजीनं दिली. तिला नको म्हणणारा मी कोण?"

"पण 'से अगेन'च का?"

"इंग्रजी न येण्यात काही भीती नसते गं. कळलं नाही हे सांगण्यात असते. बँकेत, दवाखान्यात, शाळेत माणसं मान डोलावून बाहेर येतात आणि आत काय झालं ते त्यांना माहीत नसतं. एकदा का 'पुन्हा सांगा' म्हणता आलं, की पुढचं इंग्रजी त्यांचं ते शिकतील."

आसपासच्या जुन्या गावांतून, जी आता उंच इमारतींच्या मध्ये अडकली आहेत, फेरफटका मारायची त्यांना सवय होती. बोळाबोळात 'इंग्लिश मीडियम'च्या पाट्या. एका दोन मजली शाळेच्या नावात कुणी संत होते. काका आत गेले आणि मालकाला नम्रपणे विचारलं, हे संत कोण, कुठले? मालक म्हणाला, "संत-वंत कोई नहीं जी. नाम से अ‍ॅडमिशन आते हैं." काका ही गोष्ट सांगून पोट धरून हसत आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणत, "पण अ‍ॅडमिशन खरोखरच येतात. त्या आईबापांना मूर्ख म्हणायचं नाही. त्यांनी जे पाहिलंय त्यावरूनच ते ठरवतात."

आमच्याही घरात तेव्हा तसंच काहीतरी ठरलं होतं. मिहूच्या शाळेतून निरोप आला की मूल वर्गात मागे पडतंय, घरी शक्यतो इंग्रजीतच बोला. शिक्षिका तरुण होती, मनापासून सांगत होती. माझा नवरा संदीप लगेच कामाला लागला. त्याचं स्वतःचं शिक्षण सांगलीजवळच्या गावात मराठीतून झालं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत सगळं येत असून तोंडातून वाक्य निघालं नव्हतं. ती गोष्ट त्यानं मला लग्नानंतर कितीतरी दिवसांनी सांगितली होती. "मी अडकलो तसा तो अडकायला नको," तो म्हणाला. 

मग आमच्याकडे इंग्रजी सुरू झालं. "मिहू, फिनिश युवर मिल्क." "मिहू, व्हॉट डिड यू डू इन स्कूल टुडे?" मिहू म्हणायचा, "नथिंग, मम्मा." काही दिवसांनी तो नुसतीच मान हलवू लागला. आधी हा मुलगा दाराशी बूट काढता काढता अख्खा दिवस सांगून टाकायचा. आता शाळेतून आला की खिडकीत बसे. आम्हाला वाटलं, मोठा होतोय, शांत झालाय. मग वाटलं, कान तपासावेत. कान तपासले. कान चांगले होते.

एका संध्याकाळी बागेत काका त्याच्याशेजारी बाकावर बसलेले दिसले. दोघं बोलत नव्हते. मी जवळ गेले तसे काका उठून बाजूला आले.

"हा गप्प नाहीये," ते म्हणाले. "हा भाषांतर करतोय. त्याला तुला काहीतरी सांगायचं असतं. त्याचं इंग्रजी तो आत शोधत बसतो. ते सापडेपर्यंत तू दुसरं काहीतरी विचारतेस."

मला तिथेच रडू आलं. काकांनी दोन्ही चष्मे चाचपले आणि दूर कुठेतरी बघत उभे राहिले.

संदीपला पटवणं सोपं नव्हतं. काका स्वतः घरी आले. मला वाटलं आता व्याख्यान होणार. पण काकांनी संदीपला त्या मुलाखतीविषयीच विचारलं. कोण कोण होतं, काय विचारलं, कुठला शब्द अडला. संदीप सांगत राहिला. मी ऐकलं होतं त्यापेक्षा खूप जास्त त्यानं त्या दिवशी सांगितलं. शेवटी काका म्हणाले, "तुमचं बिल्कुल बरोबर आहे. इंग्रजी त्याला यायलाच हवं. येईल. या गावात राहून ते न येणंच अवघड. पण वर्गात कुणी ढकललं, डबा कुणी खाल्ला, हे आईला आज सांगायचंय त्याला. त्यासाठी थांबायला त्याच्याकडे वेळ नाही."

 दुसऱ्या दिवशी सकाळी संदीप मिहूला म्हणाला, "अरे, दूध संपव लवकर, बस येईल." मिहूनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. काही सापळा आहे का याचा अंदाज घेत होता बहुतेक. चारसहा दिवस तसाच सावध होता. मग मी रजेवर होते त्या दुपारी बूट काढता काढता सुरू झाला. वर्गाच्या खिडकीत कावळा येतो, त्याला एक पाय नाही, त्याला मिहू पोळी देतो, मॅमला माहीत नाही. मी भिंतीला टेकून जमिनीवरच बसले आणि ऐकलं.

याच मिहूनं काकांना शाळेत नेलं. शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. माझे आईवडील साताऱ्याला, संदीपचे सांगलीला. मिहूनं परस्पर जाऊन काकांना आमंत्रण दिलं. "तुम्ही माझे आजोबा व्हाल का? फक्त फ्रायडेला." काका तयार झाले, आणि शुक्रवारी एका मोठ्या पिशवीत उशी घेऊन आले. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "अभ्यास आहे."

वर्गात बरेच आजी-आजोबा होते. कुणी गाणं म्हटलं, कुणी बदामाचे लाडू वाटले. काकांची पाळी आली. त्यांनी पिशवीतून उशी काढली आणि मुलं खिदळायला लागली. काका इंग्रजीत म्हणाले, हे काय आहे ते शाळेतलं नाव मला माहीत आहे. मला तुमच्या घरातलं नाव हवंय. झोपताना घरी याला काय म्हणता?

"तकिया!" बरेच हात वर.

"उशी," मिहू म्हणाला, जरा मोठ्यानंच.

"सिरहाना," एक सरदार मुलगा म्हणाला. एक बंगाली मुलगी म्हणाली, "बालिश." त्यावर काका इतके हसले की मुलांनाही हसू आवरेना, आणि मग त्यांनी समजावून सांगितलं की मराठीत बालिश म्हणजे तुमच्यासारखे, आणि माझ्यासारखे. एका तमिळ मुलीनं "तलैयणै" म्हटलं, काकांनी ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. फळा भरत चालला. शिक्षिकाही रंगली. आपण होऊन म्हणाली, आमच्याकडे गढवालला आजी आणखी वेगळंच म्हणायची, आणि ते आठवेना म्हणून तिनं तिथूनच आईला फोन लावला.

मग काका एका गोऱ्या, कुरळ्या केसांच्या मुलापाशी आले.

"पिलो," तो म्हणाला.

"ते शाळेत. घरी?"

"पिलो."

"आई झोपवताना काय म्हणते?"

"पिलो."

"आणि आजी?"

मुलानं वर्गभर पाहिलं. प्रत्येकाकडे एकेक शब्द होता, फळ्यावर लिहिलेला. त्याचा ओठ थरथरला. इंग्रजीतच म्हणाला, "आमच्या घरात शब्दच नाहीये," आणि हुंदके देऊन रडायला लागला.

त्याचे वडील पंजाबी, आई मल्याळी. दोघं नोकरीत भेटलेली. घरात दोघांची मिळून एकच भाषा, इंग्रजी. हे नंतर शिक्षिकेनं सांगितलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की उंच काका उशी हातात धरून उभे आहेत आणि त्यांना काय करावं ते सुचत नाहीये. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग ते खाली बसले. गुडघ्याचा त्रास होता, बसायला वेळ लागला. मुलाच्या तोंडासमोर तोंड आणून इंग्रजीत म्हणाले, "माझं चुकलं. तुझी आई तुला झोपवताना जो शब्द म्हणते, तो तुझ्या घरचाच शब्द आहे. मी मूर्खासारखं विचारलं." आणि उठून त्यांनी फळ्यावर, सगळ्या शब्दांच्या मध्ये, मोठ्या अक्षरात 'पिलो' लिहिलं. मुलांनी ते एका सुरात म्हटलं. तो मुलगा डोळे पुसत उशी मांडीवर घेऊन बसला. घरी परत येताना काकांनी उशी परत मागितली नाही.

आम्ही गाडीत होतो. मिहू मागे झोपला होता. मेट्रोच्या खांबांखाली ट्रॅफिक अडकलं होतं.

"सगळी नोकरी मी 'घरची भाषा' असं लिहीत आलो," काका एकदम म्हणाले. "इंग्रजी म्हणजे बाहेरची, असं धरूनच चाललो. ती कुणाच्या घरची असेल, कुणाला आईच्या तोंडून मिळाली असेल, हे मनातच आलं नाही. आणि सांगू का, माझ्याच घरात आहे ते."

मग त्यांनी यामिनीविषयी सांगितलं. मुलीची मुलगी. जावई तमिळ. मुलगी दिल्लीत, टाय लावून वाढलेली, तिचं मराठी स्वयंपाकघरापुरतं. यामिनीला तमिळ येत होतं आणि इंग्रजी. मराठी नव्हतं. काकांनी ती जन्मल्यावर ठरवलं होतं, मी नातीशी मराठीतच बोलणार. म्हणजे तिला ते येईल. पण काका गुरुग्रामला आणि ती चेन्नईला. रविवारी फोनवर काका मराठीत बोलत. पलीकडून "हाय आजोबा" येई, थोडी शांतता, आणि फोन आईकडे जाई.

"नऊ वर्षांची झाली," काका म्हणाले. "तिला काय आवडतं, मला माहीत नाही. आवाज फक्त ओळखतो. मी तत्त्व सांभाळत बसलो. तुझ्या मुलाला मी म्हटलं, हा भाषांतर करतोय. माझ्या नातीनं तर तेही सोडून दिलं होतं."

त्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा नातीशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते मला माहीत नाही. सोमवारी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मला काही विचारलं नाही. नुसते म्हणाले, "तिला ग्रहांवर जायचंय. शनीवर. मी म्हटलं, वाईट ग्रह निवडलास. तर तिनं विचारलं का. मग साडेसाती इंग्रजीत समजावून सांगताना माझे हाल झाले."

जानेवारीत पोंगलच्या सुट्टीत यामिनी आली. दोन वेण्या, दातांना तारा, आणि प्रश्न विचारण्यात आजोबांच्याही पुढे. मिहूला तिनं दोन दिवसांत तमिळमध्ये दहापर्यंत मोजायला शिकवलं. संक्रांतीला काका म्हणाले, पानिपतला जाऊ, हिला लढाईची जागा, काला अंब, दाखवू. संदीप, मी, मिहू, काका आणि यामिनी, एका गाडीत. वाटेत मुरथलला पराठे खाल्ले. धुकं होतं, सूर्य वर आला तरी पांढराच होता.

त्या दिवशी तिथे महाराष्ट्रातून बरीच माणसं येतात. बसेस लागल्या होत्या, भगवे फेटे, ढोल. काका यामिनीला घेऊन जरा बाजूला, कट्ट्यावर बसले आणि तिला लढाई सांगू लागले. इंग्रजीत. मी त्यांना तळघरात इंग्रजी शिकवताना ऐकलं होतं, पण हे वेगळंच होतं. कुरुक्षेत्राकडून येणारी फौज, तुटलेली रसद, सोबतची बायका-मुलं, उपाशी घोडे. यामिनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती.

फेटा बांधलेला एक तगडा माणूस बराच वेळ ऐकत उभा होता. कोल्हापूरकडचा असावा.

"ओ काका," तो म्हणाला. "मराठी न्हवं तुम्ही? मग पोरीला इंग्रजीतनं काय सांगताय? हितं तरी मराठी बोला की! ह्या जागेची तरी लाज राखा."

आसपासची माणसं वळली. संदीप पुढे सरसावला. काकांनी त्याला हातानं थांबवलं आणि त्या माणसाला म्हणाले, "तुम्ही सांगता का तिला मराठीत? बसा. तिला कळलं नाही तर मी आहे मध्ये."

तो माणूस गोंधळला, पण बसला. आणि सांगायला लागला. सुंदर सांगत होता तो, हातवारे करून. यामिनी त्याच्याकडे बघत होती, काका हलक्या आवाजात इंग्रजी करत होते. ती मध्येच थांबवून इंग्रजीत काही विचारी, काका त्याचं मराठी करून त्याला विचारत, तो उत्तर देई. लोक जमले. मुलीचे प्रश्न अवघड होते. बायका-मुलांना सोबत का आणलं? घोड्यांचं पुढे काय झालं? फेटेवाला घाम पुसत होता, पण आता हसतही होता.

मग तिनं विचारलं, "जे वाचले, ते पळताना पाणी कसं मागत असतील? त्यांची भाषा इथे कुणाला येत होती?"

काकांनी ते मराठीत सांगितलं. माणसानं फेटा मागे सारला. "हे कधी मनात आलं न्हाई बघा," तो म्हणाला. मग म्हणाला, "काही जण परत गेलेच न्हाईत म्हणतात. हिकडंच ऱ्हायले. हिकडचेच झाले."

काकांनी इंग्रजी केलं. यामिनीनं विचार केला.

"मग त्यांची मुलं मराठी विसरली?"

"हो," काका म्हणाले.

"त्यांना वाईट वाटलं असेल?"

काकांनी टोपी सारखी केली. "मुलांना नसेल वाटलं," ते इंग्रजीत म्हणाले. "आजोबांना वाटलं असेल."

यामिनीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातात हात घातला.

"काय म्हनाली पोरगी?" फेटेवाल्यानं विचारलं. लोकही वाट पाहत होते.  तेवढं एक भाषांतर काकांनी केलं नाही. मीही इंग्रजी समजत असून बोलले नाही. मग त्या माणसाच्या बायकोनं पुढे होऊन मुलीच्या दोन्ही हातांत तिळगूळ दिला, मिहूलाही दिला, आणि ढोल पुन्हा सुरू झाले. निघताना फेटेवाला काकांच्या पाया पडला. कशाबद्दल ते त्याला सांगता आलं नसतं बहुधा.

पुढच्या वर्षी काकांचा गुडघा फारच धरला. मुलगी येऊन त्यांना चेन्नईला घेऊन गेली. तळघरातला वर्ग आता सुनीताची मुलगी सुट्टीच्या दिवशी घेते. ती ओरडायला लावत नाही. गार्डला बरं वाटलं असावं.

मागच्या महिन्यात एका रजेच्या दिवशी मी काकांना फोन केला. मिहूला शाळेत तिसरी भाषा निवडायची होती, आणि संदीपचं आणि माझं पुन्हा वाजलं होतं. म्हटलं विचारावं. पण काकांना सांगायची घाई होती.

"इथे यामिनीची पाटी आहे," ते म्हणाले. "तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात. माझ्याच वयाची बाई. तिला तमिळशिवाय काही येत नाही. मला ते सोडून सगळं येतं. दिवसभर आम्ही दोघंच घरी. काय करणार? यामिनी शाळेतून आली की मध्ये बसते. पाटी तमिळमध्ये सांगते, यामिनी मला इंग्रजीत सांगते, मी इंग्रजीत उत्तर देतो. कालपासून मी स्वतः शिकायला घेतलंय. पाटी फार कडक आहे. उच्चार चुकला की पळी दाखवते."

मागून एका बाईचा आवाज आला, चढा, विचारणारा.

"थांब हं," काका म्हणाले. "फोन कुणाचा म्हणून विचारतेय. मी सांगतो. मला येतं ते."

त्यांनी फोन तोंडापासून दूर नेला आणि सावकाश, एकेक शब्द मांडत, तमिळमध्ये काहीतरी म्हणाले.  मग ती बाई हसायला लागली. पाठोपाठ यामिनी. तिचं हसणं थांबेना, ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करी आणि पुन्हा हसे.

"काहीतरी भलतंच बोललो वाटतं मी तुझ्याबद्दल," काका फोनवर म्हणाले. त्यांचाही आवाज हसण्यानं फुटत होता. "काय बोललो ते विचारून सांगतो. ठेवू नकोस."

फोन त्यांनी कुठेतरी टेबलावर ठेवला. पलीकडे यामिनी इंग्रजीत समजावत होती, पाटी तिला तमिळमध्ये तोडत होती, आणि काका दोघींच्या मध्ये पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणून बघत होते. माझ्याकडे परत यायचं ते विसरले. मी फोन ठेवला नाही. मिहू शाळेतून येईपर्यंत मी ऐकत बसले.